वाढत्या कुत्र्याचा गुडघा : शस्त्रक्रियेचा निर्णय कशावर घ्यावा

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींची कुत्री आता केवळ महानगरांतील सदनिकांपुरती उरलेली नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील चिंतामणीच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावीही ती अंगणात आणि शेतावरच्या राखणीला दिसतात. कुत्रे ज्या वेगाने गावात आले, त्या वेगाने त्याचे वैद्यक मात्र आले नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील शासकीय पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती बैल, गाय, म्हैस आणि शेळी यांच्याभोवती. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांचा दिवस लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात, कृत्रिम रेतनात आणि अडलेल्या गाईची सोडवणूक करण्यात जातो, आणि हाडांच्या शस्त्रक्रियेची साधने तेथे असावीत अशी अपेक्षा ती व्यवस्था उभारताना कोणी केलीही नव्हती. त्यामुळे आठ-दहा महिन्यांचा, पंचवीस-तीस किलो वजनाचा कुत्रा मागचा पाय उचलून धरू लागला, की घरात दोनच मते ऐकू येतात : वाढीचे वय आहे, आपोआप बरे होईल, हे एक, आणि उद्याच गाडी करून नागपूरला न्यावे व ऑपरेशन करून टाकावे, हे दुसरे. ही दोन्ही मते रोगाचे नाव कळण्याआधीच दिलेली असतात, हा त्यांतील खरा दोष होय. शस्त्रक्रियेचा निर्णय वस्तुतः तीन गोष्टींवर उभा राहतो : गुडघ्यात नेमके काय बिघडले आहे, हाडांची वाढ किती शिल्लक आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने कुत्र्याला सांभाळणारे माणूस घरात आहे किंवा नाही.

प्रथम गुडघा कोठे असतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण कुत्र्याच्या मागच्या पायात जे टोकदार हाड मागे वळलेले दिसते, त्यालाच अनेक जण गुडघा समजतात, परंतु तो घोटा असतो. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेशी, मांडीच्या खालच्या टोकाला असतो आणि माणसाच्या गुडघ्याप्रमाणे तो उभे असताना सरळ होत नाही, तर सदैव थोडा वाकलेलाच राहतो. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, पुढच्या बाजूस एका खोबणीत वर-खाली सरकणारी गुडघ्याची वाटी, दोन्ही हाडांच्या मध्ये धक्के सोसणाऱ्या कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या, आणि सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट अस्थिबंध, अशी या सांध्याची रचना आहे. या दोन लिगामेंटांपैकी पुढचे लिगामेंट नडगीला पुढे घसरू देत नाही. क्रिकेटपटूंच्या दुखापतींच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख वारंवार येतो, त्याचेच हे कुत्र्यातील रूप.

मागच्या पायाने लंगडणारा प्रत्येक तरुण मोठा कुत्रा गुडघ्याचाच रोगी असतो असे मात्र नाही. खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ राहून सांधा सैल होण्याचा आनुवंशिक विकार, ज्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात, तो याच जातींत आणि याच वयात प्रकट होतो, आणि पुष्कळदा तो गुडघ्याच्या दुखण्याबरोबर एकाच कुत्र्यात नांदतो. पाच ते अठरा महिन्यांच्या वयात लांब हाडांच्या आत दाह होऊन आज हा पाय, पंधरा दिवसांनी तो पाय, असे फिरते लंगडणे देणारा पॅनॉस्टायटिस नावाचा विकारही आहे. तो वेदनादायक असला तरी काही महिन्यांत स्वतःहून शमतो आणि त्याला शस्त्रक्रियेची कधीच गरज नसते. विदर्भात, जेथे बहुतेक कुत्र्यांच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत वर्षातील अनेक महिने गोचिडी सापडतात, तेथे एका आणखी शक्यतेचा विचार अग्रक्रमाने व्हायला हवा. गोचिडांमधून शिरणाऱ्या एर्लिकिया या जीवाणूमुळे होणाऱ्या गोचीडतापात सांधे सुजतात, कुत्रा आखडून चालतो, आणि त्याच वेळी रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी झालेल्या असतात. अशा कुत्र्याचा गुडघा उघडणे म्हणजे नसलेल्या रोगासाठी जिवावरचा रक्तस्राव ओढवून घेणे होय. रक्ताची साधी तपासणी यवतमाळपर्यंत जाऊन होऊ शकते, ती खर्चिक नाही, आणि तिच्याविना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

गुडघ्याचा संशय पक्का करण्याचे काम एक्स-रेपेक्षाही अधिक हाताने होते. तपासणारा डॉक्टर प्रथम कुत्र्याला बसायला लावतो. निरोगी कुत्रा दोन्ही घोटे अंगाखाली घेऊन चौरस बसतो, तर दुखऱ्या गुडघ्याचा कुत्रा तो पाय बाजूला टाकून, एका कुल्ल्यावर भार घेऊन बसतो. मग दोन्ही मांड्यांचा घेर हाताने मोजला जातो, कारण काही आठवडे पाय जपून ठेवला गेला असेल तर त्या बाजूचा स्नायू बारीक झालेला असतो. त्यानंतरची परीक्षा कुत्र्याला थोडी गुंगी देऊन, कुशीवर निजवून करतात : एका हाताचे पहिले बोट गुडघ्याच्या वाटीवर आणि अंगठा मांडीच्या हाडामागे, दुसऱ्या हाताचे बोट नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर आणि अंगठा तिच्या मागच्या बाजूस, अशी पकड घेऊन नडगी पुढे ढकलून पाहिली जाते. पुढचे लिगामेंट तुटलेले असल्यास नडगी एखाद्या खणासारखी पुढे सरकते आणि तिला कोठेच ठाम अटकाव होत नाही. येथे वाढत्या कुत्र्याच्या बाबतीत फसगत होऊ शकते. पिल्लांचे सांधे मुळातच सैल असल्याने थोडेसे सरकणे त्यांच्यात स्वाभाविक असते, पण त्या सरकण्याचा शेवट एकदम, दोर ताणला जावा तसा होतो. तुटलेल्या लिगामेंटात तो शेवट मऊ आणि अनिश्चित असतो. हा फरक ज्याच्या बोटांना ओळखीचा आहे अशा डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे, हे निम्मे निदान आहे. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसतच नाही. दिसते ते सांध्यातील पाण्यामुळे सरकलेली चरबीची सावली, हाडांच्या कडांवर उगवलेले काटे, वाटीची जागा, आणि नडगीच्या माथ्याचा उतार.

या उताराला फार महत्त्व आहे. कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसून मागच्या बाजूला उतरता असतो आणि हा उतार बहुतेक मोठ्या कुत्र्यांत वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास भरतो. उतारावर उभ्या केलेल्या बंडीला पुढून दोर बांधून रोखून धरावे, तसे मांडीच्या हाडाला मागे घरंगळू न देण्याचे काम पुढचे लिगामेंट प्रत्येक पावलागणिक करीत असते. माणसाचे लिगामेंट बहुधा एखाद्या झटक्याने तुटते. कुत्र्याचे मात्र बहुतेक वेळा महिनोन् महिने तंतूतंतूने झिजत जाते आणि शेवटी अंगणातल्या साध्या उडीने त्याचा उरलेला धागा सुटतो. ही झीज का होते याचे संपूर्ण उत्तर शास्त्राजवळ नाही, परंतु रॉटवायलर, न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉर यांच्यात ती अधिक आढळते आणि वजनदार कुत्र्यांत ती हलक्या कुत्र्यांपेक्षा कमी वयात आढळते, एवढे निश्चित झाले आहे. झीज हाच मूळ रोग असल्यामुळे एका गुडघ्याचे लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कुत्र्यांत पुढील काही वर्षांत दुसऱ्या गुडघ्याचेही जाते. खर्चाचा आणि कष्टाचा अंदाज बांधताना हा दुसरा गुडघा हिशेबात धरलाच पाहिजे.

तुटलेले लिगामेंट पुन्हा शिवून जोडता येत नाही. फिनलंडमधील साकी पात्सामा यांनी १९५२ साली कुत्र्याच्याच मांडीवरील पडद्याची पट्टी सांध्यातून ओवून नवे लिगामेंट तयार करण्याची पद्धत मांडली. पुढे १९७० च्या सुमारास सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा बांधून गुडघा स्थिर करण्याची पद्धत रूढ झाली; हा धागा कायमचा टिकत नाही, तो सैल होईपर्यंत सांध्याभोवतीची ऊती घट्ट आणि जाड व्हावी एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. खरा पालट घडवला तो अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातले पशुवैद्यक बार्क्ले स्लोकम यांनी. दोर जोडत बसण्यापेक्षा उतारच काढून टाकावा, हा त्यांचा विचार होता. १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नडगीचा माथा अर्धवर्तुळाकार करवतीने कापून, तो फिरवून उतार पाच-सहा अंशांवर आणला जातो आणि पोलादी प्लेट व स्क्रू यांनी तेथेच पक्का केला जातो. टीपीएलओ या आद्याक्षरांनी ती आज जगभर ओळखली जाते. झ्युरिक येथे २००२ च्या सुमारास विकसित झालेली टीटीए ही पद्धत नडगीचा पुढचा उंचवटा पुढे सरकवून तोच परिणाम वेगळ्या मार्गाने साधते. भूमितीच्या एका साध्या जाणिवेतून प्राण्यांच्या शल्यशास्त्रात एवढी मोठी क्रांती व्हावी, हे या क्षेत्राच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रकरण मानावे लागेल.

शस्त्रक्रिया न करता चालते का, या प्रश्नाला अभ्यासांनी दिलेले उत्तर वजनावर अवलंबून आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या व्हॅस्यूर यांच्या पाहणीत केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या पंधरा किलोपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के कुत्री बरी किंवा सुधारलेली आढळली, तर पंधरा किलोंवरील कुत्र्यांत हे प्रमाण अवघे १९ टक्के होते. मात्र २०१३ मधील एका अभ्यासात जास्त वजनाच्या मोठ्या कुत्र्यांना वजन घटवणे, वेदनाशामक औषध आणि शिस्तबद्ध व्यायाम यांच्या देखरेखीखाली ठेवले असता, वर्षाअखेर शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कुत्र्यांची स्थिती समाधानकारक होती. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण तीन चतुर्थांश होते. दोन्ही आकडे एकत्र वाचले म्हणजे असे दिसते, की नुसते बांधून ठेवणे हा मोठ्या कुत्र्यासाठी उपचार नव्हे; पण काटेकोर सांभाळ हा उपचार आहे, आणि शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून कोणी हात टेकण्याचे कारण नाही. तरीही लिगामेंट पूर्ण तुटलेल्या, तरुण, तीस किलोंवरच्या आणि अन्यथा निरोगी कुत्र्यासाठी शस्त्रक्रिया हाच अधिक चांगला मार्ग आहे, कारण त्याच्यापुढे दहा वर्षांचे चालणे-धावणे उरलेले असते आणि अस्थिर गुडघ्यात आतल्या बाजूची गादी चिरडली जाण्याचा धोका दर महिन्याला साचत जातो. नायलॉनचा धागा आणि टीपीएलओ यांची ऐंशी कुत्र्यांवर तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात वर्षभरानंतर टीपीएलओ झालेली कुत्री पायावर अधिक भार देत होती, आणि समाधानी मालकांचे प्रमाण त्या गटात ९३ टक्के तर धाग्याच्या गटात ७५ टक्के होते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु चार मालकांपैकी तीन मालक स्वस्त पद्धतीनेही समाधानी होते, ही त्याच आकड्यांची दुसरी बाजू पैशांची ओढाताण असलेल्या कुटुंबाने लक्षात घ्यावी.

वयाचा प्रश्न मात्र सर्वांत गुंतागुंतीचा आहे. हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते, जिला ग्रोथ प्लेट किंवा वाढीची पट्टी म्हणतात. हाड लांब होते ते तेथेच, आणि वाढ पूर्ण झाली की ती पट्टी हाडात रूपांतरित होऊन मिटते. नडगीच्या वरच्या टोकाची पट्टी बहुतेक कुत्र्यांत वर्षाच्या आत-बाहेर मिटते, फार मोठ्या जातींत आणखी काही महिने लागतात. ही पट्टी उघडी असताना नेहमीची टीपीएलओ केल्यास करवत नेमकी तिच्याजवळून जाते, आणि पट्टीला इजा झाली तर पाय वाकडा वाढतो. म्हणून सहा महिन्यांच्या पिल्लाला वर्षाच्या कुत्र्यासाठी असलेली शस्त्रक्रिया करता येत नाही. शिवाय पिल्लाचे लिगामेंट त्याच्या हाडापेक्षा चिवट असते. म्हणून त्या वयात लिगामेंट मधोमध तुटण्याऐवजी ते जेथे चिकटलेले असते तेथील हाडाचा कपचाच उखडून येतो, आणि तो लवकर लक्षात आला तर परत जागी बसवता येतो. उलट ज्या पिल्लाचा उतार फार तीव्र आहे, त्याच्यासाठी वाढ शिल्लक असणे हीच संधी ठरते : पट्टीच्या पुढच्या भागात एक स्क्रू बसवून ती बाजू थांबवली, की मागची बाजू वाढत राहते आणि उतार आपोआप सौम्य होतो. थांबणे केव्हा शहाणपणाचे आणि थांबणे केव्हा नुकसानीचे, हे अशा रीतीने रोगागणिक उलटते. 'वर्षाचा होऊ द्या, मग पाहू' हा सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

गुडघ्याची वाटी खोबणीतून घसरण्याच्या विकारात हे अधिक ठळकपणे दिसते. या विकाराच्या चार पायऱ्या मानतात : पहिलीत वाटी बोटाने ढकलली तरच सरकते आणि लगेच परतते, दुसरीत ती चालताना अधूनमधून स्वतःहून सरकते, तेव्हा कुत्रा दोन-तीन पावले पाय उचलून उडत जातो आणि पाय झटकताच पूर्ववत चालू लागतो, तिसरीत ती बहुतेक वेळ जागेबाहेर असते, पण हाताने बसवता येते, चौथीत बसवताही येत नाही. पहिल्या पायरीच्या आणि न लंगडणाऱ्या कुत्र्याला शस्त्रक्रिया करू नये, याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या वाढत्या पिल्लात मात्र उशीर केल्यास बाजूला गेलेल्या स्नायूच्या ओढीने मांडीचे आणि नडगीचे हाड पिळवटत वाढते, खोबणी उथळच राहते, आणि जे काम लहान वयात ऊती सैल-घट्ट करून भागले असते, त्यासाठी नंतर मांडीचे हाड कापून सरळ करावे लागते. मोठ्या जातींत मांडीच्या हाडाचा खालचा भाग मुळातच वाकलेला असण्याची शक्यता लहान जातींपेक्षा अधिक असते, म्हणून केवळ खोबणी खोल करून भागेल की हाडही सरळ करावे लागेल, हे चांगल्या एक्स-रेवर किंवा सीटी स्कॅनवर मोजूनच ठरवले पाहिजे. सांध्यावरच्या कूर्चेचा तुकडा सुटून आत तरंगत राहण्याचा विकारही या वयात आढळतो. तो गुडघ्यात तुलनेने विरळ असून तुकडा काढून टाकणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे.

वेळ निघून गेल्यावर काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण रतन टाटा यांच्या कुत्र्याचे आहे. आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले, परंतु तोपर्यंत उशीर झालेला असल्याने तेथील डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. भारतात अशा उपचारांची सोय हवी हा विचार त्यातून बळावला आणि टाटा ट्रस्ट्सने सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून मुंबईत महालक्ष्मी येथे उभारलेले प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टाटा यांचे निधन झाले. सांधा जखडणे हा वाईट उपचार नव्हे, त्याने वेदना थांबतात; पण तो सांधा पुन्हा कधी वाकत नाही. साधनसंपत्तीची कोणतीही वाण नसलेल्या घरातही वेळ हातची निसटू शकते, हे यातून दिसते.

कळंबच्या मालकाला मुंबई फार दूर आहे, पण त्याच्या आवाक्यात नागपूर आहे. १९५८ साली स्थापन झालेले आणि आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा घटक असलेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्स परिसरात आहे. त्याच विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था अकोल्यालाही आहे. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात शल्यचिकित्सा व क्ष-किरण या विषयाचे अध्यापकच रुग्ण पाहत असल्याने निदानासाठी, आणि खासगी डॉक्टरांनी सुचवलेल्या शस्त्रक्रियेवर दुसरे मत घेण्यासाठी, ती उत्तम जागा होय. शस्त्रक्रिया शेवटी कोठेही करायची ठरली, तरी करणाऱ्याला काही प्रश्न थेट विचारण्यात संकोच बाळगू नये : हीच शस्त्रक्रिया यापूर्वी त्यांनी किती वेळा केली आहे, उताराचा कोन मोजला का आणि तो किती आहे, सांधा उघडून गादी तपासली जाणार का, जंतुसंसर्ग झाला तर प्लेट काढण्याचा खर्च कोणाचा. प्लेट बसवलेल्या शस्त्रक्रियांत जखमेला संसर्ग होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या नोंदींत शंभरांत तीनपासून पंधरापर्यंत आढळते. हा प्रश्न विचारल्याने चांगला शल्यचिकित्सक रागावत नाही. सर्व काही यशस्वी झाले तरी सांध्याची झीज पूर्णपणे थांबत नाही, ती मंदावते, हेही त्याच वेळी समजून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने हा निर्णयाचा सर्वांत कमी विचारात घेतला जाणारा भाग आहे. कापलेले हाड सांधण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तरुण लॅब्रॅडॉरला पाय दुखेनासा होण्यास जेमतेम दोन. उरलेले सर्व आठवडे त्याला बरे वाटत असते आणि त्याचे हाड मात्र बरे झालेले नसते. या काळात धावणे, उडी, जिना आणि दुसऱ्या कुत्र्याशी खेळणे पूर्णपणे बंद ठेवून, लहान खोलीत किंवा कुंपण घातलेल्या कोपऱ्यात ठेवून, पट्ट्यावरच बाहेर नेऊन, पहिल्या पंधरवड्यात केवळ शी-शूपुरते आणि नंतर पाच-पाच मिनिटांनी वाढवत चालवावे लागते. गुळगुळीत फरशीवर न सरकणारी रबरी चटई अंथरावी, आणि पायरी उतरवताना पोटाखालून जुन्या ओढणीची झोळी धरावी. शेतीवर जगणाऱ्या घराने येथे आपल्या वर्षाचे वेळापत्रक मोकळेपणाने डॉक्टरांसमोर मांडावे : पेरणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत घरातील सगळी माणसे वावरात असतील, आणि कुत्रे दिवसभर मोकळे राहणार असेल, तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही मोडते, म्हणून ती दोन-चार आठवडे पुढे ढकलणे हेच शहाणपणाचे असते. उन्हाळ्यात, जेव्हा यवतमाळचा पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा चालवण्याचा व्यायाम पहाटे आणि रात्रीच होऊ शकतो, हेही वेळापत्रकात धरावे लागते.

शस्त्रक्रिया होवो न होवो, वजन हा एकमेव उपचार पूर्णपणे मालकाच्या हाती असतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर त्यांच्या संपूर्ण आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणे मिळालेली कुत्री सरासरी १३ वर्षे जगली, तर भरपेट खाणारी सुमारे ११ वर्षे. सांध्यांची झीजही पहिल्या गटात उशिरा आणि कमी झाली. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, ही योग्य वजनाची खूण होय. मोठ्या जातीच्या पिल्लाला 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून कॅल्शियमचे सिरप पाजण्याची आपल्याकडची प्रथा तर थांबलीच पाहिजे : ग्रेट डेन पिल्लांवर हॉलंडमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी जादा कॅल्शियम वाढत्या सांगाड्याला घातक असल्याचे दाखवून दिले आहे, आणि चांगल्या तयार खाद्यात ते आधीच पुरेसे असते. नसबंदीच्या वयाचाही संबंध आढळला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत लिगामेंट तुटल्याचे एकही उदाहरण सापडले नाही, मात्र वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत पाच टक्के आणि माद्यांत जवळपास आठ टक्के उदाहरणे सापडली. म्हणून मोठ्या जातीत हे पाऊल वाढ पूर्ण झाल्यावर उचलावे, हा सल्ला आता अनेक पशुवैद्यक देतात.

वेदनाशामकाबाबत एक गोष्ट विलंब न करता सांगण्यासारखी आहे. औषधाच्या दुकानातून माणसांसाठी आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. कुत्र्यांसाठी मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखी औषधे वजनाच्या मापाने आणि रक्ततपासणीनंतर द्यायची असतात. लंगडणे झटपट थांबावे म्हणून दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि मेलोक्सिकॅम एकाच आठवड्यात कुत्र्याच्या अंगात जाणे हेदेखील जिवावर बेतू शकते, म्हणून आधीच्या डॉक्टरांनी काय दिले याचा कागद पुढच्या डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

नागपुरात शस्त्रक्रिया करून कळंबला परतलेल्या कुत्र्याचे टाके दहा-बारा दिवसांनी स्थानिक डॉक्टरही काढू शकतात, आणि आठव्या आठवड्याचा एक्स-रे यवतमाळला काढून त्याची प्रत फोनवरून शल्यचिकित्सकाकडे पाठवता येते. त्यामुळे सव्वाशे किलोमीटरच्या फेऱ्या वाचतात आणि दुखऱ्या पायाला गाडीचे हादरेही बसत नाहीत. मात्र रोज पाय टेकू लागलेल्या कुत्र्याने तो अचानक पुन्हा उचलून धरला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, सूज गरम लागू लागली किंवा दोन वेळचे खाणे त्याने तसेच सोडले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते.